तांडेलांच्या पदकाचा आवाज

कवळीवाल्यांना घाबरायला कारण लागत नसे. लिफ्ट, मोकळे कुत्रे, सरकारी शिक्क्याची पाकिटं, आणि कुणी "जरा बोलायचं होतं" म्हणालं की त्यापुढची शांतता, एवढ्यावर त्यांचं वर्षभर भागायचं. बिनकारणाच्या भीतीचा एक फायदा असतो. 'उगीच वाटतंय' म्हणून ती झटकता येते. साठी ओलांडेपर्यंत त्यांनी ती तशी झटकली. मग त्यांच्या स्वतःच्याच हातून एक खरोखरचं कारण घडलं, आणि आयुष्यभराचा सराव काडीच्याही उपयोगी पडला नाही.

कवळ्या तयार करणं हा त्यांचा धंदा. दातांचे डॉक्टर रोग्याच्या जबड्याचा ठसा घेऊन पाठवत. घराच्या मागच्या खोलीत बसून कवळीवाले त्यात प्लास्टर ओतत, मेणाचा साचा करत, कधी धातूची पट्टी ओतत, दात बसवत. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असत. "एवढी माणसं दिवसभर आ वासून बघत असल्यावर कुणाला धीर राहील?" असं त्यांच्या पत्नी म्हणत. नवऱ्याच्या स्वभावाचं एवढं सहानुभूतीचं निदान दुसऱ्या कुणी केलं नव्हतं.

त्याच खोलीत एक उथळ खणांचं कपाट होतं. खणाखणात बनातीवर युद्धनौकांची स्मृतिपदकं मांडलेली होती. बोट पाण्यात उतरवली की, ताफ्यात दाखल झाली की, निवृत्त झाली की अशी पदकं पाडतात. गोदीतल्या कामगारांना, खलाशांना, पाहुण्यांना वाटतात, आणि तीस-चाळीस वर्षांनी ती जुन्या बाजारात चमच्यांच्या ढिगात सापडतात. कवळीवाल्यांकडे विनाशिका होत्या, पाणबुड्या होत्या, सुरुंग वेचणाऱ्या बोटी होत्या, मोठ्या बोटींना ओढून नेणारे ठेंगणे टगसुद्धा होते. स्वतः ते बादलीपेक्षा खोल पाण्यात कधी उतरले नव्हते. तोफा लावलेली, हजारो टनांची वस्तू तळहातावर मावते आणि मुख्य म्हणजे हलत नाही, यात त्यांना काय मिळायचं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. घाबरट माणूस भिंतीवर वाघाचं चित्र लावतो, त्यातलाच प्रकार असावा.

अशा लोकांचं एक मंडळही होतं. औषधाच्या दुकानावरच्या खोलीत महिन्याच्या एका रविवारी दुपारी ते जमे. दुकानाचे मालक चिटणीस. वाद्यं दुरुस्त करणारे एक म्हातारे होते, त्यांना सगळे सूरवाले म्हणत. एक रंगविक्रेते होते, एक शिंपी होता, आणखी पाच-सहा जण. समुद्राशी यांतल्या कुणाचा काही संबंध नव्हता. शिंप्याला तर बसही लागायची.

मंडळाचा एक रिवाज होता. पदक ठोकलेलं आहे की ओतलेलं, हे ठरवायला 'आवाज घेत'. खरं पदक पोलादी छापाखाली दाबून ठोकलेलं असतं, नक्कल साच्यात ओतलेली असते. दोन्ही दिसायला सख्खी भावंडं. वाजवल्यावर कोण कुठल्या घरचं ते कळतं. पदक रेशमी दोऱ्याला टांगायचं, खिडक्या लावायच्या, पंखा बंद करायचा. चिटणीस मनगटावरचं घड्याळ काढून खिशात, आणि खिसा धरून खोलीबाहेर. मग सूरवाले लाकडी काडीने कडेवर टिचकी मारत. ठोकलेलं पदक लांबवर गुणगुणत राही. ओतलेलं एकदाच बद्द म्हणे आणि गप्प. सूरवाले मग काही बोलत नसत, नुसती काडी खाली ठेवत. त्या काडी ठेवण्याला मंडळात फाशीच्या शिक्षेइतकं वजन होतं. नक्कल बाळगायला बंदी नव्हती, पण तिच्या कडेवर कानशीने खाच मारलेली असलीच पाहिजे, म्हणजे ती कधी खऱ्याच्या नावाने फिरणार नाही.

मंडळात खरा दर्यावर्दी एकच. तांडेल. त्यामुळे त्यांना मान होता, आणि खऱ्या माणसाचा होतो तेवढा त्रासही होता. तांडेल म्हणजे खलाशांचा म्होरक्या, पण हे नावही मंडळानेच दिलेलं. डेकवर उभं राहून हुकूम सोडणं त्यांच्या वाट्याला कधी आलं नाही. सगळी नोकरी एका विनाशिकेच्या पोटात, बॉयलरच्या खोलीत गेली. तिथून ते दोनच गोष्टी घेऊन बाहेर पडले: ओरडल्याशिवाय काही ऐकू न येणारं बहिरेपण आणि एक पदक. अलीकडे डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, म्हणून पदकही ते बोटांनीच बघत.

ते पदक म्हणजे मंडळाचा जीव होता. बोट पाण्यात उतरली त्या दिवशी पहिल्या खलाशांसाठी ते ठोकलं गेलं. पण काही मोजकी पदकं ठोकून होताहोताच छाप तडकला. शेवटच्या दोन-चार पदकांवर धुरांड्याच्या धुरातून केसाएवढी बारीक, उठावाची रेघ उमटली, आणि काम थांबलं. रेघेचं दुसरं पदक मंडळात कुणी पाहिलं नव्हतं. तांडेलांचं रेघेचं होतं. कप्तान स्वतः शिडी उतरून बॉयलरच्या खोलीत आला आणि काजळीने भरलेल्या हातात ते ठेवून गेला, असं ते सांगत. बोट आता भंगारात गेली होती. तिची एक पत्र्याची पट्टीसुद्धा कुठे उरली नव्हती.

"कप्तान उतरतो होय बॉयलरमध्ये?" रंगविक्रेते म्हणत. "बाजारात घेतलं असेल. बहिऱ्याला उलट विचारणार कोण?"

हे ते तांडेलांच्या देखतच म्हणत. बहिऱ्या माणसाच्या मित्रांना ही एक सोय असते.

तांडेल पदक कुणाच्या हाती देत नसत, आवाजही घेऊ देत नसत. "माझ्या बोटीला टिचक्या मारता?" मात्र एकदा पदकाची कडी निखळली तेव्हा ते कवळीवाल्यांकडे आले. त्यांच्या तोंडातली कवळी याच माणसाने केलेली होती. ज्याच्या भरवशावर आपण जेवतो त्याच्यावर पदकाच्या बाबतीत अविश्वास दाखवणं त्यांना बरं वाटलं नसावं.

"कडी लाव. बाकी हात लावू नकोस," ते खोली दणाणेल अशा आवाजात म्हणाले. आपला आवाज किती मोठा आहे हे त्यांना ऐकू येत नसे.

कवळीवाल्यांनी कडी लावली. काम एवढंच होतं. पण पदक टेबलावर होतं, शेजारी जबड्याचा ठसा घ्यायचा गुलाबी मसाला होता, आणि माणूस घाबरट असला म्हणून त्याला हाव नसते असं नाही. फक्त तो हावरटपणा करतानाही घाबरलेला असतो. त्यांनी ठसा घेतला. मेणाचं पदक केलं. ओतलेला धातू निवताना आकसतो, म्हणून नक्कल नेहमी मूळ पदकापेक्षा किंचित लहान भरते आणि मोजली की पकडली जाते. पण धातू जेवढा आकसतो तेवढंच फुगणारं प्लास्टर कवळीवाले रोज वापरत. नाहीतर पट्टी कुणाच्या जबड्यात बसलीच नसती. दुबार पडलेली टगची तीन पदकं त्यांनी मुशीत वितळवली. ब्राँझला ब्राँझ मिळालं, वजनाला वजन. रेघसुद्धा आली. मग नव्या पदकावर गंधकाचा धूर देऊन त्यांनी रंग जुना केला, आणि रंग जुळतो का ते बघायला दोन्ही शेजारी ठेवली. नकलेलाही तशीच कडी लावली होती, कारण अर्धवट काम त्यांना बघवत नसे.

राहिली होती खाच. कानस त्यांनी हातात घेतली, कडेवर टेकवली आणि परत ठेवली. एवढी सुंदर वस्तू, तिला आपणच बट्टा लावायचा? चहा घेऊन मारू. चहा झाल्यावर डॉक्टरांचा निरोप आला की खुर्चीत बसलेला रोगी कवळीची वाट बघतोय. ते धावत गेले.

परत आले तर टेबलावर एकच पदक.

"अहो, तांडेल येऊन गेले," पत्नी म्हणाल्या. "पदक दिलं त्यांना."

"कुठलं?"

"कुठलं म्हणजे? त्यांचंच."

"दोन होती ना! डावीकडचं दिलंत की उजवीकडचं?"

"मी टेबलाच्या कुठल्या बाजूला उभी होते त्यावर आहे ते," पत्नी शांतपणे म्हणाल्या. "दोन्ही सारखीच होती. म्हटलं, तुमच्याकडे जोड्या असतात. एक दिलं. का हो, पांढरे का पडलात?"

"काही नाही. धावत आलो."

खरं तर उरलेल्या पदकाला एक दोरा आणि एक टिचकी, एवढंच काम होतं. क्षणात कळलं असतं. नक्कल उरली असेल तर खाच मारून सुखाने झोपता आलं असतं. पण खरं उरलं असेल तर? तर आपण मित्राचं पदक लाटलेला माणूस ठरतो. जोवर माहीत नाही तोवर आपण फक्त गोंधळलेला माणूस आहोत. कवळीवाल्यांनी गोंधळलेलं राहणं पसंत केलं. पदक त्यांनी फडक्यात गुंडाळून, कुणी उघडत नाही अशा, टगच्या खणात सारलं. पुढे कित्येक आठवडे ते त्या कपाटाला पाठ करून बसत. खोलीत एखादी वाटी वाजली तरी त्यांच्या हातातला दात खाली पडे.

मंडळात तांडेल नेहमीसारखे येत, खिशातून पदक काढून अंगठ्याने चोळत. तेव्हा कवळीवाल्यांना तहान लागे. पाणी प्यायला ते इतक्यांदा उठू लागले की चिटणिसांनी साखर तपासून घ्यायला सांगितलं. त्यांनी तपासली. ती नव्हती, याचीही त्यांना भीती वाटली.

आणि मग एका रविवारी तांडेल उभे राहिले. त्यांच्या सुनेने घरी काहीतरी बोलून टाकलं होतं. तिला औषधाच्या दुकानात काहीतरी ऐकू आलं होतं.

"तुमच्यातलं कुणीतरी म्हणतं की माझं पदक बाजारातलं आहे," ते गरजले. "नाव विचारत नाही. पुढच्या बैठकीला घ्या आवाज. सगळ्यांच्या देखत घ्या. खोटं निघालं तर मी खोटा!"

रंगविक्रेते बुटाची नाडी बांधायला वाकले. त्यांच्या पायात चपला होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्नी बाजारात गेल्यावर कवळीवाल्यांनी खोलीला आतून कडी घातली. फडकं सोडलं. दोरा ओवताना तीनदा निसटला. कवळ्या घासायच्या ब्रशाच्या दांडीने त्यांनी कडेवर हलकीच टिचकी मारली आणि लगेच डोळे मिटून घेतले, जणू आवाज डोळ्यांनी ऐकतात.

पदक वाजलं. वाजत राहिलं. जबड्यांच्या फळीपर्यंत गेलं, खिडकीच्या काचेला लागलं, परत आलं, आणि कवळीवाल्यांनी घाबरून मुठीत धरलं तेव्हाच थांबलं.

म्हणजे तांडेल खिशात नक्कल घेऊन फिरत होते, आणि ती सगळ्यांसमोर टांगायला त्यांनी स्वतः सांगितलं होतं.

संध्याकाळी खरं पदक रुमालात घेऊन कवळीवाले त्यांच्या घरी गेले. बेत साधा होता: त्यांचं हातात घ्यायचं आणि आपलं परत द्यायचं. सुनेने दार उघडलं. तांडेल खुर्चीत बसले होते आणि पदक त्यांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात होतं. खिशाचं तोंड शिवून टाकलेलं.

"बैठकीपर्यंत काढायचं नाही म्हणतात," सून म्हणाली. "आंघोळीला जाताना सदरा माझ्याकडे सांभाळायला देतात. मी काय करणार, शिवून टाकलं."

कबूल करून मोकळं व्हावं, असाही एक विचार कवळीवाल्यांच्या मनात येऊन गेला. पण बहिऱ्या माणसापाशी हळूच कबुली देता येत नाही. लिहून द्यावं तर डोळ्यांपुढे धुकं. कागद वाचणार सून. ओरडून सांगावं तर सून, शेजारी आणि जिन्यातली माणसं. माणसाला गुन्हा कबूल करायला जरा आडोसा लागतो, आणि तांडेलांच्या घरात आडोसाच नव्हता.

"काय काम काढलंस?" तांडेलांनी विचारलं.

"पदक... पदक जरा द्या!" कवळीवाले कसंबसं ओरडले. "पुसून देतो!"

शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो ते. जुन्या पदकावरचा काळा रंग म्हणजे त्याचं वय. ते पुसणारा माणूस मंडळात खाटीक समजला जाई.

"पुसून?" तांडेल अर्धवट उठले. "पुसून? अरे, नव्या सभासदाला पहिला धडा तूच देतोस, पुसू नका म्हणून! बरं आहे ना तुला? सूनबाई, याला पाणी दे."

ते पाणी पिऊन, रुमाल तसाच खिशात घेऊन, कवळीवाले घरी आले.

बैठकीच्या दिवशी त्यांनी आजारी पडायचा प्रामाणिक प्रयत्न केला. ताप येईना. "जा की," पत्नी म्हणाल्या. "त्यांच्या मानाचा दिवस आहे, आणि त्यांना जिन्यावरून नेतं कोण? तुम्हीच ना?" तेव्हा नेहमीप्रमाणे कोपराला तांडेलांचा हात आणि खिशात तांडेलांचं पदक घेऊन ते औषधाच्या दुकानाचा जिना चढले.

खोली भरली होती. एरवी दांडी मारणारेही आले होते. माणसाची फजिती होण्याची शक्यता असली की उपस्थिती सुधारते. खिडक्या लागल्या. पंखा थांबला. चिटणीस खिसा धरून बाहेर गेले आणि घड्याळ ठेवून आले. तांडेलांनी खिशाची शिवण स्वतः उसवली, पदकाला दोरा ओवला आणि दोऱ्याचं टोक आपल्याच बोटाला गुंडाळलं. "ऐकू येत नाही तर निदान थरथर कळेल," ते म्हणाले. कवळीवाले दाराजवळ उभे होते. त्यांना आपल्या कानांत काहीतरी धपधपताना ऐकू येत होतं, आणि तो आवाज पदकाच्या आड येईल अशीही एक नवी भीती वाटत होती.

सूरवाल्यांनी टिचकी मारली.

बद्द.

त्यांनी पुन्हा मारली, दुसऱ्या बाजूने. एखाद्या दाराआड घरात माणूस आहे हे पक्कं माहीत असावं आणि तो ओ देत नसावा, तसं त्यांचं तोंड झालं. मग त्यांनी काडी खाली ठेवली.

तांडेल हसतमुखाने समोरच्या धुक्याकडे बघत होते. थरथर त्यांना लागली नसावी. पण ठोकलेलं पदक किती थरथरतं हे त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

"काय?" ते म्हणाले. "कसा आहे?"

चिटणिसांनी सूरवाल्यांकडे पाहिलं, सूरवाल्यांनी जमिनीकडे. मग चिटणीस तांडेलांच्या कानाशी वाकून ओरडले, "उत्तम! एकदम खणखणीत!"

"उत्तम!" शिंपी ओरडला.

"वा! वा!" सगळेच ओरडले. टाळ्याही झाल्या. आणि टाळ्यांखाली, नेहमीच्या आवाजात, रंगविक्रेते म्हणाले, "म्हटलं नव्हतं? बाजारातलं. कप्तान म्हणे शिडी उतरून आला!"

"जाऊ द्या," चिटणीस म्हणाले. "म्हातारा माणूस आहे. मंडळाच्या पत्रकात छापू काही तरी. त्यांना कुठे दिसतंय."

कवळीवाले सुटले होते. हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, कारण तशी सवय नव्हती. तांडेलांना कधी कळणार नव्हतं. मंडळ तांडेलांना थापाड्या समजणार होतं, त्यांच्यासमोर वा वा करणार होतं, आणि कवळीवाल्यांचं नाव कुणाच्या स्वप्नातही येणार नव्हतं. रुमाल खिशातच राहू द्यायचा, घरी जायचं, खण लावायचा. घाबरायचं म्हणून काही उरलं नव्हतं. आणि नेमकी त्याच वेळी त्यांनी पडणाऱ्या माणसासारखी दाराची कडी धरली.

"ओतलेलं आहे ते," ते म्हणाले. "मी ओतलंय."

हे ते आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, म्हणजे शेजारच्याने "काय?" विचारावं अशा. पण खोली बंद होती आणि पंखा थांबलेला होता. सगळ्यांना ऐकू गेलं.

"काय म्हणतो हा?" तांडेलांनी विचारलं. सगळ्यांच्या माना दाराकडे वळलेल्या त्यांना धुक्यातूनही कळल्या असाव्यात.

चिटणीस घाईने वाकले. "काही नाही! त्यांना बरं वाटत नाहीये!" आणि मागे वळून, दात न उघडता, "गप्प बसा हो. मिटलंय ना सगळं? कशाला शोभा?"

शोभा हा शब्द कवळीवाल्यांना आयुष्यभर पुरला होता. शोभा होऊ नये म्हणून ते लग्नात मागच्या रांगेत बसले होते, आणि लग्न त्यांचंच होतं. आताही मागच्या रांगेत सरकायला जागा होती. सगळे तशी जागा करूनच देत होते. पहिल्यांदा शब्द भीतीने निसटले होते. आता ते हाताने उचलून, छातीत हवा भरून, बाहेर टाकायला हवे होते. कवळीवाले तांडेलांसमोर गेले. तोंड उघडलं, तर आवाज फाटका आला. पुन्हा उघडलं.

"ते खोटं आहे!" ते ओरडले. फळीवरची औषधांची रिकामी खोकी हलली. "मी केलंय! तुमचं खरं पदक माझ्याकडे आहे! मी चोरलं!"

खाली दुकानात कुणीतरी "काय झालं?" म्हणालं.

तांडेलांचा चेहरा काही वेळ तसाच हसरा राहिला, कारण त्याला निरोप पोचायला वेळ लागला. मग त्यांनी हात पुढे केला.

"दे."

रुमाल सुटेना. गाठ दाताने सोडावी लागली. तांडेलांनी पदक अंगठ्याखाली फिरवलं, मग बोटाचा दोरा नकलेतून काढून त्यात ओवला. कुणाला काही न विचारता टेबलावरची काडी चाचपून घेतली आणि स्वतःच टिचकी मारली.

ते पदक किती वेळ वाजलं ते सांगणं कठीण आहे. रंगविक्रेते मध्येच खोकणार होते, पण सूरवाल्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की खोकला परत गेला. तांडेल ऐकत नव्हते. ते बोटाला गुंडाळलेल्या दोऱ्याकडे मान कलती करून उभे होते. थरथर संपल्यावर त्यांनी दोरा सोडवला, खरं पदक खिशात टाकलं, खोटं उचललं आणि त्याच्या कडेवरून नख फिरवलं. सबंध कडेवरून.

"खाच नाही," ते म्हणाले. "लाज वाटली नाही?"

"वाटली!"

"काय?"

"वाटली! वाटतेय!"

"हेही मीच नेतो," तांडेल म्हणाले, आणि दुसरंही खिशात टाकलं. "चल, जिना उतरव."

हे कुणाला उद्देशून होतं ते क्षणभर कळलं नाही. चिटणीस पुढे झाले, तर तांडेलांनी त्यांचा हात झटकला आणि हवेत कोपर शोधत राहिले. कवळीवाल्यांनी आपलं कोपर त्या हाताखाली नेलं. हात बसला. नेहमीपेक्षा घट्ट बसला, हाडापर्यंत.

रस्त्यावर रविवारची गर्दी होती.

"चोर आहेस तू!" तांडेल म्हणाले. त्यांच्या समजुतीने ते हळू बोलत होते. फळांच्या गाडीजवळची दोन माणसं वळली. एक बाई मुलाला जवळ ओढून थांबली.

"हळू बोला ना," कवळीवाले पुटपुटले.

"काय?"

"काही नाही! हो! चोर आहे!"

"कशाने केलंस रे?"

"जबड्याच्या मसाल्याने!"

"कशाच्या?"

"जबड्याच्या! कवळीच्या! मसाल्याने!"

फळवाल्याने तराजू खाली ठेवला. कवळीवाल्यांना वाटलं, आता इथेच आपल्याला काहीतरी होणार. माणूस शरमेने मरतो म्हणतात ते बहुधा फळांच्या गाडीजवळच होत असावं. पण तांडेलांचा हात कोपर सोडत नव्हता, आणि एका माणसाला आधार देत असताना मरणं अवघड असतं. ते चालत राहिले.

"रेघसुद्धा आली?" थोडं पुढे गेल्यावर तांडेलांनी विचारलं.

"आली!"

"हरामखोर," तांडेल म्हणाले. त्यात थोडं कौतुक होतं की नव्हतं, हे कवळीवाल्यांना ठरवता आलं नाही. विचारायचं धैर्यही झालं नाही.

कोपऱ्यावर गाड्यांसाठी थांबावं लागलं. गर्दी त्यांच्याभोवती जमली होती, पण थोडं अंतर ठेवून.

"वर ते मला खोटं ठरवत होते का रे?" तांडेलांनी अचानक विचारलं. "टाळ्या वाजवत होते तेव्हा?"

"हो!"

"कोण कोण?"

"सगळेच!"

"तू?"

"मी नाही!"

"तू का नाही?"

खोटं बोलायला ही जागा चांगली होती. मैत्री, विश्वास, असलं काहीतरी म्हणता आलं असतं आणि ते आजूबाजूच्यांनाही बरं वाटलं असतं.

"माझ्याकडे खरं होतं ना!" कवळीवाले ओरडले. "म्हणून!"

तांडेलांनी त्यांच्याकडे तोंड वळवलं. धुक्यात दिसेल तेवढं बघितलं. मग पुन्हा रस्त्याकडे वळले.

"माफ केलेलं नाही हं मी."

"हो."

"काय?"

"हो म्हटलं!" कवळीवाले पूर्ण ताकदीने ओरडले, आणि गाड्या थांबल्या का ते दोनदा बघून त्यांनी तांडेलांना रस्त्यावर उतरवलं.